शिवीसकट

१२ जानेवारी

प्रिय ताई,

खुशाली पुढच्या पत्रात. फोनवर मी किंचाळते म्हणून संतापाच्या गोष्टी पत्रातच लिहायच्या, हा नियम तूच केलास. तेव्हा आता भोग.

काल हॉस्पिटलात माझा अपमान झाला. चारचौघांत, तोंडावर, आणि वर हसत.

माझं काम तुला माहीत आहे. कर्णबधिर माणूस आणि ऐकणारा माणूस यांच्यामध्ये बसायचं. एकाचं बोलणं हातांनी सांगायचं, दुसऱ्याचे हात तोंडाने बोलायचे. डॉक्टर 'मी' म्हणाले की माझ्या हातांतही 'मी'. पेशंट 'मी' म्हणाला की माझ्या तोंडातही 'मी'. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं पोचवायचं, काही गाळायचं नाही, पदरचं काही घालायचं नाही. त्या वेळेपुरती मी तिथे कुणीच नसते, आणि खरं सांगू, मला ते आवडतं.

कालचा पेशंट एक सुतार. खुणांच्या भाषेत प्रत्येकाचं एक खुणेतलं नाव असतं. याचं नाव म्हणजे तर्जनीच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, पटाशीची धार बघतात तसा. (माझं नाव 'भुवई'. त्यांच्यातल्या कुणीतरी ठेवलं. कारण तू जाणतेसच.) तर या सुताराच्या उजव्या मनगटात गाठ आली आहे आणि ती नस दाबते. बोटं बधिर व्हायला लागली आहेत, करवत हातातून निसटते. आणि ताई, तो बोलतो पण त्याच हाताने गं! लवकर ऑपरेशन झालं तर हात वाचेल. उशीर झाला तर बोटांतलं गेलेलं परत येणार नाही. काल ऑपरेशनची तारीख ठरायची होती.

डॉक्टर कॉम्प्युटरकडे तोंड करून बसलेले. टेबलावर हाडांचा प्लॅस्टिकचा पंजा, मागे तीन शिकाऊ डॉक्टर. आणि यांचं सगळं बोलणं माझ्याशी. "त्याला सांगा मूठ वळायला." "त्याला विचारा दुखतं का." जसा काही सुतार खोलीतच नाही, किंवा असला तर स्टुलासारखा आहे. पहिल्यांदा सोडून दिलं. दुसऱ्यांदा सोडून दिलं. मग मी अगदी नम्रपणे (हसू नकोस, मला येतं नम्र होता) म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही थेट त्यांच्याशीच बोला, मी पोचवते."

तर माझ्याकडे न बघता म्हणतात, "बाई, तुम्ही फक्त हात हलवा. हात हलवायला अक्कल लागत नाही. ती आम्ही वापरतो."

तिघे शिकाऊ खिदळले.

तळपायाची आग मस्तकात गेली. किती वर्षं शिकले मी ही भाषा! हात खाली टाकले आणि तोंड उघडलं. म्हटलं, "एवढी अक्कल आहे ना, मग समोरच्या माणसाकडे मान वळवायला त्यातली थोडी खर्च करा. भिंतीशी काय बोलताय?" आणखीही बरंच बोलले. ज्यांना हसू येत होतं त्यांचीही हजेरी घेतली. सुतार मध्येच खुणेने विचारत होता, काय झालं, काय झालं. त्याला म्हटलं, थांब, नंतर सांगते. मला डॉक्टरला सोडायचं नव्हतं. मजा आली, खोटं कशाला सांगू?

आणि पुढचं ऐक. सुतार उठला. आपली कापडी पिशवी घेतली, एकदा डॉक्टरकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तडक निघून गेला. तारीखबिरीख काही न ठरवता! एक बहिरा माणूस माझ्या बाजूने उठला, आणि ऐकू येणाऱ्या त्या तिघांपैकी एकालाही तोंड उघडता आलं नाही. मी घरी येईपर्यंत छाती फुगवून चालत होते.

आज आमच्या दुभाषी केंद्राच्या प्रमुखबाईंचा फोन आला. डॉक्टरांनी तक्रार केली आहे. मी गोंधळ घातला, पेशंट माझ्यामुळे पळाला म्हणे. चौकशी होईपर्यंत मला घरी बसायला सांगितलंय. अपमान माझा आणि चौकशीही माझीच! आता तरी म्हण, माझं काय चुकलं?

तुझी,
ठिणगी

१७ जानेवारी

प्रिय ठिणगी,

तुझं पत्र वाचताना कागद गरम लागला. तुझे भाऊजी म्हणाले, पाकिटावर पाणी शिंपडून मग उघडायला हवं होतं.

आधी हे सांगते की तो डॉक्टर उद्धट आहे. त्यात दुमत नाही.

आता माझं ऐक. मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसते. लाइट गेलेला माणूस येतो तो भांडायलाच येतो, आणि काचेच्या अलीकडे मीच असते. कुणी आळशी म्हणतं, कुणी चोर म्हणतं. परवा एकाने विचारलं, तुम्हाला घरी कुणी विचारत नाही म्हणून इथे येऊन बसता का? मी काय करते? टेबलाखाली पायाची बोटं चपलेत घट्ट दाबते. घोटभर पाणी पिते. मनात म्हणते, ही शिवी मला नाही, खिडकीला आहे. आणि हसून मीटर नंबर विचारते. आमचे साहेब नव्या मुलींना माझं उदाहरण देतात. बर्फाची लादी म्हणतात मला, कौतुकाने.

तू पण कधीतरी घोटभर पाणी पिऊन बघ गं. राग येतो तसा जातो, आपण फक्त त्याला खुर्ची द्यायची नाही. डॉक्टरांना चार ओळींचं माफीपत्र लिही. माफी मनातून नसली तरी चालते, त्यांना काय कळतंय? नोकरी राहील.

एक मात्र विचारायचं होतं. तूच मागे सांगितलं होतंस ना, की खुणांच्या भाषेत चेहराही बोलतो, भुवया वर म्हणजे प्रश्न, ओठ आवळले म्हणजे आणखी काही, आणि कामावर असताना तुझा चेहरासुद्धा तुझा नसतो? मग तू डॉक्टरांशी तोंडाने भांडत होतीस तेव्हा हात खाली होते म्हणतेस. सुताराला त्या वेळी काय दिसत होतं?

मला यातलं काही समजत नाही, सहज डोक्यात आलं म्हणून विचारलं. माझी दाढ दुखतेय. कडक बिस्किट खाल्लं त्याने तुकडा पडला. तेव्हा इतकंच.

तुझी,
ताई

२१ जानेवारी

प्रिय ताई,

पाणी पी म्हणे! मला ज्याने बिनडोक म्हटलं त्याला मी माफीपत्र लिहू? आणि मी पाणी पिऊ? अगं, मी काय झाडाची कुंडी आहे? तुझ्या त्या बर्फाच्या लादीचं मला कधीच कौतुक वाटलं नाही, आज सांगून टाकते. कुणीही यावं, काहीही बोलावं, आणि तू हसून नंबर विचारावास! असल्या हसण्यानेच त्यांची जीभ सैल होते. तुझ्या साहेबाला काय जातंय कौतुक करायला? तो कधी त्या खिडकीत बसलाय?

ही शिवी मला नाही, खिडकीला आहे! खिडकीला कान असतात का?

तुझा प्रश्न वाचला. त्याचं उत्तर देणार नाही. पत्र इथेच संपवते.

२५ जानेवारी, तेच पत्र पुढे

संपवलं नाही. पाकिटात घातलं होतं, पुन्हा बाहेर काढलं.

तुझा प्रश्न पायात काचेसारखा घुसून बसला. आरशासमोर उभी राहिले आणि डॉक्टरला जे जे बोलले होते ते सगळं पुन्हा बोलून बघितलं, हात खाली ठेवून. आवाज वजा करून फक्त चेहरा बघितला. ताई, मीच घाबरले. भुवया अशा वर, ओठ असे ताणलेले, आणि मान अशी हलतेय, जणू कुणीतरी मेल्याची बातमीच देतेय.

प्रमुखबाईंना फोन केला. आम्हाला पेशंटला परस्पर भेटता येत नाही, म्हणून त्यांना म्हटलं, तुम्ही सोबत चला. त्या मला वाटल्या होत्या तेवढ्या वाईट नाहीत.

सुताराचं दुकान एका गल्लीत, दाराला घंटी नाही, तिच्याऐवजी एक दोरी ओढली की आत दिवा लागतो. आत गेलो तेव्हा तो डाव्या हाताने रंधा मारत होता. वेडावाकडा. उजवा हात मांडीवर ठेवलेला.

मी विचारलं, त्या दिवशी का उठून गेलास?

तो म्हणाला, "डॉक्टर काहीतरी बोलले आणि तुझा चेहरा बदलला. मी समजलो माझ्या हाताबद्दल आहे. तू ते माझ्यापर्यंत आणलं नाहीस, म्हणजे सांगण्यासारखं नसणार. मग तू त्यांच्याशी भांडायला लागलीस, मला वाटलं माझा हात तोडणार आहेत आणि तू नको म्हणतेयस. दोनदा विचारलं. तू म्हणालीस, थांब, नंतर सांगते."

मग थांबून म्हणाला, "माझ्या घरी सगळे ऐकणारे. जेवायला बसले की हसतात. मी विचारतो काय झालं. म्हणतात, नंतर सांगतो. जन्मभर. तुला पण येतं ते वाक्य, मला माहीत नव्हतं."

ताई, त्या डॉक्टरच्या शिवीने मला जेवढं लागलं नाही तेवढं हे लागलं. मी समजत होते तो माझ्या बाजूने उठला! मी छाती फुगवून घरी आले, आणि हा माणूस आपला हात तोडणार या भीतीने इतके दिवस हॉस्पिटलाकडे फिरकला नाही, आणि रोज ती बोटं थोडी थोडी मरतायत. राग डॉक्टरचा आला होता आणि मी तो याच्या अंगावर सांडला. एक शब्दही न बोलता!

मी त्याला सांगितलं, हात तोडायचं कुणी बोललंच नव्हतं. मग डॉक्टर काय म्हणाले होते, त्याने विचारलं. मी सांगितलं, सगळं, खिदळणं धरून. हात हलवायला अक्कल लागत नाही. त्याने डोळे मोठे केले. "हे तुला म्हणाले? मला नाही?" आणि पोट धरून हसायला लागला. इतका हसला की मला राग आला! प्रमुखबाईंनी माझ्या दंडाला हात लावला, नाहीतर तिथे पुन्हा एक प्रकरण झालं असतं.

हसू थांबल्यावर म्हणाला, "पुन्हा येतो डॉक्टरकडे. भुवईच पाहिजे, दुसरं कुणी नको. पण खोलीत जे होईल ते सगळं माझ्यापर्यंत आलं पाहिजे. शिवीसकट. तुला दिलेली असली तरी."

प्रमुखबाईंनी चौकशी तेवढ्यापुरती बाजूला ठेवून परवानगी दिली. म्हणजे आता मला त्याच खोलीत जायचं आहे, त्याच माणसापुढे, आणि चेहरा माझा ठेवायचा नाही. पुन्हा भुवई उठली तर हा दुसऱ्यांदा परत येणार नाही. मला जमेल असं वाटत नाही. तुझं ते पाणी उपयोगाचं नाही, दुसरं काही असेल तर सांग. वर जे लिहिलं ते खोडत नाही, कारण तेही खरंच आहे.

ठिणगी

६ फेब्रुवारी

प्रिय ठिणगी,

उत्तराला उशीर झाला. आधी वाईट वाटलं, मग राग आला, मग दाढ काढायची होती.

बिस्किट खाल्लं नव्हतं मी. दात बघणाऱ्या बाईंनी तोंडात आरसा घातला आणि म्हणाल्या, तुम्ही दातओठ खाता का हो? मी म्हटलं, छे, मी तर फार शांत आहे. तर म्हणाल्या, तुमच्या दाढा शांत नाहीत. घासून सपाट झाल्या आहेत, एक चिरलीच. मी तिथेच खुर्चीत रडले. त्यांना वाटलं दुखतंय.

मी थंड नाही गं. मी गिळते. घरी येऊन तुझ्या भाऊजींवर ओरडते, कशावरून, तर बरणीचं झाकण नीट लावलं नाही. रोज. बिचाऱ्यांना वाटतं जगात झाकणाएवढं महत्त्वाचं काही नाही. तुझं पत्र वाचून मी त्यांना विचारलं, मी फार ओरडते का? ते म्हणाले, "नाही, म्हणजे, झाकणापुरतं."

तुझा राग सुताराला गेला आणि माझा यांना. ज्यांचा होता त्यांना काही पत्ताच नाही. ते मजेत आहेत. हे लिहितानाही माझे दात भिडलेत बघ.

त्या बाईंनी एक सांगितलं ते तुला सांगते. दाबू नका म्हणाल्या, फक्त कळू द्या. वरचे दात खालच्यांना भिडले की समजायचं राग आलाय. तेवढंच समजायचं, लगेच काही करायचं नाही, पण आला नाही असंही म्हणायचं नाही. मी दिवसभर लक्ष ठेवलं. अगं, किती वेळा! साहेब नुसते 'गुड मॉर्निंग' म्हणाले तरी भिडतात.

तुझी भुवई आहे ना, ती उठायच्या आधी काय होतं ते बघ. कान तापतात तुझे, लहानपणापासून. आई तुझ्या कानाला हात लावून सांगायची, भांडण येतंय म्हणून.

माफीपत्र लिहू नकोस. मी चुकीचा सल्ला दिला.

ताई

१३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आज जाऊन आले. अजून चपला काढल्या नाहीत, लिहायला बसले.

तीच खोली, तोच प्लॅस्टिकचा पंजा, तेच तिघे. सुतार स्टुलावर. मी डॉक्टरांच्या खुर्चीच्या जरा मागे, म्हणजे त्याला आम्ही दोघंही दिसू. डॉक्टर आत आले, माझ्याकडे बघितलं आणि शिकाऊंना म्हणाले, "आलं का हातवाऱ्यांचं दुकान परत? आज तोंडाला कुलूप घालून आलात ना, बाई?"

खिदळणं. तेच.

कान तापले. आईच्या हाताची आठवण झाली, खरंच. मनात म्हटलं, आला. माझा आहे, माझ्याकडेच आहे, कुठे पळून जात नाही. आधी त्यांचं वाक्य. आणि मी ते सांगितलं. दुकान, कुलूप, बाई, सगळं. डॉक्टर ओठ मुडपून बोलतात तो ढंगसुद्धा. त्या वेळी भुवई माझी नव्हती, त्यांची होती. खिदळणंही सांगितलं, कुठून आलं तेही. तिघांनी ते बघितलं आणि एकदम छताकडे बघायला लागले. आपलं हसू दुसऱ्याच्या हातात बघायची सवय नसावी.

मग मी तळवा वर केला. आमच्यात त्याचा अर्थ, आता दुभाषी स्वतःचं बोलते आहे. आधी तोंडाने, मग हातांनी, कारण दोन्ही एकदम केलं तर दोन्ही मोडतं. म्हटलं, "मला उद्देशून आत्ता जे बोललं गेलं तो अपमान आहे. मागच्या वेळीही होता. मला तो मान्य नाही, आणि काम झाल्यावर मी लेखी तक्रार देणार आहे. आता पेशंटचं बोलू या."

एवढंच! मागच्या वेळी केवढं बोलले होते, आणि त्यातलं एक वाक्यही त्यांना लागलं नव्हतं. या वेळी त्यांचा चेहरा लाल झाला.

म्हणाले, "हे पेशंटसमोर? त्याचा काय संबंध?"

मी तेही पोचवलं. आणि सुताराने उजवा हात उचलला. दुखरा. बोटं नीट वळत नव्हती, खुणा अर्ध्या होत होत्या, तोतरं बोलावं तशा. पण डाव्या हाताची मदत त्याने घेतली नाही. तो बोलत होता आणि माझ्या तोंडातून येत होतं:

"माझा संबंध आहे. तुम्ही बोलता ते मला या बाईंमुळे कळतं. मी बोलतो ते तुम्हालाही यांच्यामुळेच कळतं. या उठून गेल्या तर या खोलीत दोन बहिरे उरतील. मला सवय आहे, डॉक्टर. तुम्हाला आहे का?"

ताई, कल्पना कर! माझी बाजू, माझ्याच तोंडाने, माझ्याच आवाजात, आणि मी मात्र त्यात नाही. एखादं झणझणीत विशेषण घालावं अशी इतकी हुक्की आली! 'उद्धट' एवढं तरी. नाही घातलं. त्याचं वाक्य त्याचंच राहू दिलं, आणि बरं केलं, कारण माझ्या विशेषणाने त्याचा विचका झाला असता.

एका शिकाऊला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. मी खोकला पोचवला. खोटा आहे हे सांगितलं नाही, सुताराला ते दिसतच होतं.

डॉक्टरांनी खुर्ची फिरवली. कॉम्प्युटरकडे पाठ, सुताराकडे तोंड. विचारलं, "बोटं कधीपासून बधिर आहेत तुमची?" 'तुमची' म्हणाले! ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं. मधे जे दिवस गेले त्याने थोडं नुकसान झालंय, करंगळीची खात्री देत नाहीत ते. ती करंगळी माझ्या माथी आहे, आणि डॉक्टरांच्याही. दोघांच्या.

माझी माफी मागितली का? नाव नको. माझा राग गेला का? अजिबात नाही. येताना हॉस्पिटलच्या ऑफिसात तक्रार दिली, खाली माझी सही, ठळक. प्रमुखबाईंनी वाचली आणि म्हणाल्या, यात एकही शिवी कशी नाही? म्हटलं, त्यांच्या आहेत ना, अवतरणात.

दाढेचा खड्डा भरला का? भाऊजींना माझा नमस्कार, आणि झाकणासकट सहानुभूती.

तुझी,
ठिणगी

२० फेब्रुवारी

प्रिय ठिणगी,

तुझं पत्र ऑफिसात नेलं होतं, पर्समध्ये. कशाला नेलं कोण जाणे.

काल दुपारी एक जण आला. दोन दिवस लाइट नाही. काचेला नाक लावून म्हणतो, "खुर्च्या गरम करायचा पगार घेता, लाज नाही वाटत?" दात भिडले. कळलं. पाण्याचा ग्लास समोर होता, नाही उचलला.

म्हटलं, "दोन दिवस लाइट नाही म्हणून तुम्ही चिडलात, ते बरोबर आहे. मला असं बोललात, ते बरोबर नाही. मी दोन्ही ऐकलं. आता मीटर नंबर सांगा."

रांगेत सगळ्यांना ऐकू गेलं, खिडकीला माइक आहे ना. त्या माणसाने काचेवरचं नाक काढलं आणि नंबर सांगितला. जाताना सॉरीबिरी काही म्हणाला नाही. मलाच फार हलकं वाटलं. साहेब मात्र केबिनमधून डोकावले, बर्फाच्या लादीला काय झालं म्हणून. त्यांच्याशीही बोलायचं आहे एकदा, ते नाव मला आवडत नाही म्हणून. इतकी वर्षं कधी सांगितलंच नाही.

संध्याकाळी हे बरणी घेऊन आले, झाकण तिरकं. माझ्यासमोर ठेवून उभेच राहिले, वाट बघत. मी काही बोलले नाही, तर काळजीने म्हणतात, "तुला बरं नाही का?"

झाकणाबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही. ते तिरकंच लावतात.

हात कसा आहे सुताराचा? लगेच कळव. मला इथे चैन नाही.

ताई

११ मार्च

प्रिय ताई,

लगेच कळवलं नाही कारण बँडेज सुटेपर्यंत कुणालाच काही कळणार नव्हतं. ते आज सुटलं.

डॉक्टरांनी स्वतः सोडलं. म्हणाले, "हलवा बघू बोटं." सुताराकडे बघून म्हणाले, मी हात हलवायच्या आधीच. त्याने एक एक बोट वळवलं. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका. करंगळी अर्धीच वळली. ती तशीच राहील म्हणतात. मला तिच्याकडे बघवेना, तरी बघितलं.

मग त्याने अंगठा तर्जनीच्या कडेवरून फिरवला, सावकाश. स्वतःचं नाव. आणि पुढे त्याच हाताने काही बोलला.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणतो?" मग थांबले, मान वळवली आणि त्याला विचारलं, "काय म्हणालात?"

मी त्याचं बोलणं माझ्या तोंडाने सांगितलं, जसंच्या तसं:

"हात हलवायला अक्कल लागत नाही, डॉक्टर. पण हात लागतो. तो तुम्ही वाचवलात."

खोलीत कुणीच काही बोललं नाही. तेवढं एक मला पोचवावं लागलं नाही, ते त्याला दिसत होतं.

तुझी,
ठिणगी